पेटी माळ्यावर: सहा गाण्यांच्या प्रकल्पाच्या नोंदी

२ जून २०२५

प्रकल्प असा: सहा नवी गाणी, शब्द आणि चाल दोन्ही माझे. अट एकच, चाल लावताना पेटीला हात लावायचा नाही. पेटी धाबळीत गुंडाळून माळ्यावर टाकली आहे. दमट हवेत सुरांना त्रास होईल म्हणून बायको कुरकुरली, तर आत कापराच्या वड्या टाकल्या.

कारण असं की गेल्या काही वर्षांतल्या माझ्या चाली परवा सांगली-पुणे रस्त्यावर गाडीत सलग ऐकल्या. शब्द वेगळे, ताल वेगळे, पण मुखडा बहुतेक वेळा पंचमावर उठतो, उतरत गंधारावर टेकतो, आणि अंतरा आला की वरच्या षड्जाकडे निघतो. लोक याला माझी शैली म्हणतात. मला वाटतं ती माझ्या उजव्या हाताची शैली आहे. मी काळी दोनला गातो, म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी हा माझा सा. काळी दोनला सा धरला की मध्यम येतो काळी चारला, पंचम काळी पाचला, म्हणजे हे तिन्ही सूर वर उचललेल्या काळ्या पट्ट्यांवर. रिषभ, गंधार, धैवत, निषाद खाली पांढऱ्यांवर. बोटं न बघता पडतात ती काळ्यांवर. करंगळी पंचमावर जाऊन बसलेली असते आणि मी म्हणतो, वा, काय सुचलं!

हे खरं की खोटं, ते तपासायचं. पहिली गाणी भाच्याच्या गिटारवर. नंतर आणखी एखादं वाद्य घेईन, कुठलं ते अजून ठरलेलं नाही.

५ जून

भाचा शिकवतोय. "मामा, बोटं आडवी नको टाकूस, टोकावर उभी कर. आणि अंगठा मानेच्या मागे." डाव्या हाताची टोकं हुळहुळी झाली आहेत. जी, सी, डी आणि ई मायनर एवढ्या कॉर्ड जमतात. एफ जमत नाही, ती बार कॉर्ड आहे आणि माझी तर्जनी सहा तारा दाबायला नकार देते.

पहिला धक्का वेगळाच. पेटीवर बसलं की पहिला प्रश्न असतो, कुठला सूर? गिटारवर पहिला प्रश्न, कुठली कॉर्ड आणि किती वेळ? सूर त्यानंतर. कॉर्ड म्हणजे तीन सूर एकदम वाजतात आणि त्यातला गंधार आधीच ठरवून टाकतो की हे आनंदी आहे की उदास. मी गाण्याआधीच गिटारने मत देऊन ठेवलेलं असतं.

११ जून

पहिलं गाणं. याची पेटीवरची एक जुनी ओळ वहीत पडून होती:

सांजवेळी आठवांचे मेघ आले दाटुनी

देवप्रिया वृत्त, गालगागा गालगागा. सात-सात मात्रांचे तुकडे, म्हणजे सात मात्रांच्या रूपक तालात अलगद बसतात. शब्द मुद्दाम मोकळ्या स्वरांवर संपणारे घेतलेले: वेळीऽ, चेऽ, आलेऽ. भाता मारत राहिलं की पेटीचा सूर हवा आहे तोवर टिकतो, त्यामुळे ईकार-एकार ताणायला मजा येते. ओळीत घडत काहीच नाही, पण ताणायला भरपूर आहे.

हीच ओळ गिटारवर म्हणून पाहिली. तार छेडली की तिचा आवाज लगेच उतरणीला लागतो. "आलेऽऽ" म्हणून मी थांबलो, तर खालून आधार निघून गेलेला आणि मी एकटाच लोंबकळत. पुन्हा स्ट्रम करावं, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवावा लागतो, स्ट्रम केलं की ठोका पडतो, ठोका पडला की तिथे अक्षर हवंसं वाटतं. तासभर झटापट केल्यावर वृत्त सोडून दिलं आणि निघालं ते हे:

शेवटची गाडी. साडेनऊ.
कंडक्टर म्हणाला, मागे जा, मागे जा.
मागे कोण आहे? मागे कोणी नाही.
खिडकी बंद होत नाही, पाऊस मांडीवर.

हे मी लिहीन असं मला वाटलं नव्हतं. मात्रा जुळत नाहीत, आणि जुळवायची गरजही पडत नाही. खाली येणारा हात "शे", "गा", "सा" वर पडतो आणि मधली अक्षरं आपली जागा शोधून घेतात. "ट", "ड", "ग" ही अक्षरं मी आजवर चालीत अडथळा म्हणून टाळत आलो. इथे तीच ठेका धरतात. "कंडक्टर" हा शब्द पेटीवर मी कधी गायलो असतो? रूपकात तो बसवून दाखवावा कोणी.

आठवण तीच आहे, संध्याकाळही तीच. मेघ मात्र गेले आणि एसटी आली.

१२ जून

दोन कॉर्डमध्ये बोटं हलायला मला जो वेळ लागतो, तेवढीच ओळींमध्ये विश्रांती आली आहे. भाच्याने तेच गाणं सफाईने वाजवलं तर विश्रांती गायब आणि गाणं घाईचं झालं. त्याला सांगितलं, माझ्यासारखं अडखळ. तो हसला, पण त्याला ते जमलं नाही.

१९ जून

जोनी मिचेल या कॅनेडियन गायिका-गीतकाराबद्दल वाचत आणि ऐकत आठवडा गेला. वाद्य बदलल्यावर गाणं कसं बदलतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं माझ्या माहितीत नाही.

मुळात तिचं गिटारच वेगळं. नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, नेहमीच्या कॉर्ड धरणं जड. तिने उलटा उपाय केला. बोटं वाकवण्याऐवजी ताराच वेगळ्या सुरांत लावल्या, म्हणजे एक-दोन बोटांतही भरघोस आवाज निघतो. तारांच्या अशा डझनावारी लावण्या, म्हणजे तारा सुरांत लावायच्या पद्धती, तिने वापरल्या. त्यातून जे स्वरमेळ निघाले ते नेहमीच्या गिटारवाल्यांच्या हाताला येतच नाहीत, कारण त्यांचे हात धड असतात.

पण माझ्या कामाचा भाग पुढचा. १९६९ च्या सुमारास तिच्या हाती ॲपलाचियन डल्सिमर आलं. अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं लोकवाद्य, मांडीवर आडवं ठेवायचं, तीन-चार तारा. पडदे फक्त सप्तकाच्या सात सुरांचे, मधले कोमल-तीव्र बहुतेक नाहीतच. एका तारेवर चाल, बाकीच्या नुसत्या षड्ज-पंचमासारख्या घुमत राहतात. १९७० मध्ये ती युरोपात भटकायला गेली तेव्हा हेच बरोबर नेलं. १९७१ च्या 'ब्लू' या अल्बममधली चार गाणी डल्सिमरवरची आहेत. हे वाद्य रीतसर कसं वाजवतात हे तिने पाहिलेलं नव्हतं, ती तारांवर सरळ थापा मारल्यासारखं वाजवते.

अल्बम पियानोची गाणी एकीकडे आणि डल्सिमरची दुसरीकडे असा वेगळा लावून ऐकला. पियानोवाली गाणी थांबतात, वळतात, मागे पाहतात, एखाद्या कॉर्डवर रेंगाळतात. डल्सिमरवाली चालत असतात. त्यात प्रवास आहे, गावांची नावं आहेत, समोरच्या माणसाशी थेट बोलणं आहे, शब्द एकमेकांना ढकलत येतात. बाई तीच, वर्ष तेच, बहुधा दुःखही तेच. खाली तारा एकाच सुरात घुमत असल्या की गळ्याला उंच उडी मारायची भीती वाटत नाही, उतरायची जागा ठरलेली असते. आपल्याकडे तंबोऱ्यावर गाणाऱ्याला हे सांगायला नको.

गिटारमुळे तिची गाणी "अशी" आणि डल्सिमरमुळे "तशी" असं ठोकून देणं सोपं आहे. मला एवढंच दिसतं की उजव्या हाताचं काम बदललं की वाक्याची लांबी बदलते. माझ्या एसटीच्या गाण्यातही तेच झालं.

२७ जून

भाच्याने कॅपो आणला. पडद्यावर चिमटा लावायचा, सगळ्या तारा वर चढतात आणि बोटं जुन्याच कॉर्ड धरतात. मी म्हणालो, हे तर आमचं स्केलचेंजर. पेटीत पट्ट्यांचा पाटा सरकवायचा, बोटं जुन्याच जागी, सूर नवे.

यावरून अर्विंग बर्लिन आठवला. अमेरिकन गीतकार, १८८८ ते १९८९ असं लांबलचक आयुष्य. त्याला पियानो एकाच पट्टीत वाजवता यायचा, एफ शार्प, म्हणजे आपली काळी तीन. बहुतेक काम काळ्या पट्ट्यांवर. दुसऱ्या पट्टीत ऐकायचं असलं की खाली तरफ लावलेला खास पियानो वापरायचा, तरफ ओढली की पट्टी बदलते. त्याचा १९४० सालचा असा पियानो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. माझी काळी दोन आणि त्याची काळी तीन! फरक इतकाच की त्या एका पट्टीतून त्याने शेकडो गाणी काढली आणि त्यात सारखेपणाची तक्रार कोणी केली नाही. म्हणजे माझ्या सिद्धांताला पहिलं भोक इथे पडलं. हात एकाच जागी असला तरी माणूस हुशार असेल तर कान वेगळं ऐकत राहतो.

६ जुलै, आषाढी एकादशी

दूरदर्शनवर पंढरपूर. दिवसभर घरात तेच चालू होतं आणि मी वही घेऊन बसलो.

दिंडीत पेटी नसते. गळ्यात वीणा, हातात टाळ, मृदंग, आणि पाय चालत असतात. तेच अभंग मुक्कामी भजनाला बसल्यावर पेटीवर म्हटले जातात तेव्हा चाल फुलते, वरच्या सप्तकात जाते, बुवा आलापी करतात. चालताना म्हटली जाणारी चाल आटोपशीर, चार-पाच सुरांत फिरणारी, दम लागला तरी सुटणार नाही अशी, आणि मागच्या माणसाला लगेच उचलता येईल अशी. तुकोबांचा अभंग तोच. हातात टाळ असेल तर प्रत्येक चरणाला ठोका मिळतो आणि शब्द आघाताने उमटतो. पेटी असेल तर चरणांच्या मधली जागा सुरांनी भरते.

आपल्या लोकांना हे कुणी सिद्धांत म्हणून सांगितलं नाही, पण कुठे कुठली चाल घ्यायची हे त्यांना ठाऊक आहे.

१५ जुलै

आजची नोंद लांब होणार.

भाच्याने तारांची एक लावणी दाखवली. गिटारवाले तिला डॅडगॅड म्हणतात. नेहमीच्या लावणीतल्या तीन तारा, म्हणजे दोन्ही टोकांच्या आणि बारीक तारेकडून दुसरी, एकेक पूर्ण स्वर खाली उतरवायच्या. तारांचे सूर मग डी, ए, डी, जी, ए, डी. तो इंग्रजी अक्षरं म्हणत होता आणि मी मनात पांढरी दोनला सा धरून भाषांतर करत होतो: सा, प, सा, म, प, सा.

सगळ्या तारा एकदम छेडल्या आणि अंगावर काटा आला. हा तंबोराच. षड्ज-पंचम आहेतच, वर मध्यमही, म्हणजे पंचमाचा आणि मध्यमाचा असे दोन तंबोरे एकदम जुळवून ठेवल्यासारखं. आणि यात गंधारच नाही. पाच जूनला गिटारने आधीच मत देऊन ठेवल्याची तक्रार लिहिली होती, ती इथे मिटली. कोमल की शुद्ध, हे गळ्याने ठरवायचं.

ही लावणी डेव्ही ग्रॅहम नावाच्या ब्रिटिश गिटारवादकाने रुळवली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मोरोक्कोत गेला, तिथल्या ऊद वाजवणाऱ्यांबरोबर साथ जुळेना, म्हणून ताराच बदलल्या. एका जागी स्थिर सूर आणि त्यावर फिरणारी चाल ही अरबांची पद्धत गिटारवर आणायला केलेली सोय. तिच्यात आपला तंबोरा सापडावा यात नवल नाही, काम तेच आहे.

कॅपो पहिल्या पडद्यावर लावला आणि पांढरी दोनची काळी दोन झाली. माझी पट्टी. आता हात काय करतो ते बघू म्हणून डोळे मिटून सुरुवात केली, तर मुखडा पंचमावर उठलाच नाही. कारण डाव्या हाताला इथे पंचम शोधावा लागत नाही, तो मोकळ्या तारेवर सारखा वाजतच असतो. आयत्या सुरावर कशाला गायचं? गळा गंधाराकडे गेला, जो सूर वाद्यात नाही तिथे. आणि एकदा शुद्ध गंधार लावून उतरताना कोमल लागला, जोग रागासारखा. पेटीवर दोन गंधार घेतले की मला नेहमी हिशेब केल्यासारखं वाटतं, एक पांढरी पट्टी आणि तिच्या शेजारची काळी. इथे तो घसरत गेला आणि शब्दही त्या घसरणीचे आले:

हो म्हणालीस का नाही म्हणालीस,
मला दोन्ही ऐकू आलं.

पहिल्या "म्हणालीस"वर शुद्ध, दुसऱ्यावर कोमल. पेटीवर ही ओळ सुचली नसती असं छातीठोकपणे नाही सांगत. पण "हो" आणि "नाही" दोन गंधारांवर ठेवायची कल्पना शब्दांच्या आधी गळ्यात आली, हे नक्की.

१७ जुलै

गंधारावरून आणखी थोडं. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेपांत मुख्य दोन: मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, आणि सूर बारा समान भागांत कापलेले. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो तो गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरता असतो. एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट, यावरून फरक लक्षात येईल. गिटारचे पडदेही नेमके तसेच बारा भागांत कापलेले. पण गिटारच्या गंधाराने माझे कान दुखत नाहीत, कारण तो वाजतो आणि विरतो. पेटीचा गंधार तंबोऱ्यासमोर खांब रोवून उभा राहतो. मी पेटीवर मुखडा गंधारावर टेकवायचो तेव्हा पट्टी लगेच सोडून गळ्याने सूर पुढे न्यायचो, हे आत्ता लिहिताना ध्यानात येतंय.

२४ जुलै

गायिका मैत्रिणीशी फोनवर वाद. तिचं म्हणणं: "अरे, वाद्य बदलल्याने काही होत नाही. तुला ते वाजवता येत नाही ना, त्याने होतंय. पेटीवर तू मुरलेला आहेस, गिटारवर लहान मूल आहेस. मुलांना मजेशीर सुचतंच."

मुद्दा बिनतोड आहे. पी. जे. हार्वीचं उदाहरण तिच्या बाजूने जातं. गिटारवर दणकून गाणारी बाई २००७ च्या 'व्हाइट चॉक'साठी पियानोवर बसली, जो तिला फारसा येत नव्हता. गाणी साधी, आवाज नेहमीपेक्षा वर चढलेला, बारीक, जवळजवळ परका. मग २०११ च्या 'लेट इंग्लंड शेक'ला ऑटोहार्प घेतलं. ऑटोहार्पवर बटण दाबलं की नको असलेल्या तारा नमदा दाबून बंद करतो आणि उरते ती कॉर्ड, म्हणजे वाजवायला येण्याची गरजच कमी. त्यावर युद्धाची गाणी झाली, सैनिकांची, गॅलिपोलीची.

पण ॲलेक्स टर्नर? त्याचा आर्क्टिक मंकीज हा गिटारवर उभा असलेला बँड. तिसाव्या वाढदिवसाला त्याला पियानो भेट मिळाला, त्यावर बसून त्याने लिहिलेली गाणी २०१८ च्या अल्बममध्ये आली. नाचवणारी रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, गेली, हॉटेलच्या लाउंजमधला गप्पिष्ट गायक आला. त्याचे वडील संगीत शिक्षक, लहानपणी पियानोशी ओळख झालेली. अनाडीपणाने सगळं उलगडत नाही. चाहत्यांत त्या अल्बमवरून तट पडले, ते वेगळं.

मी तिला म्हणालो, मग परीक्षा घेऊ. गिटार मला बऱ्यापैकी यायला लागली की पुन्हा बघू. ती म्हणाली, "तोवर मी म्हातारी होईन."

आपल्याकडचं एक उलटं उदाहरण तिला सांगायचं राहिलं. गोविंदराव टेंबे, पेटीचे थोर वादक, १९११ च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. पेटीवाल्याच्या चाली पेटीसारख्या असायला हव्यात, पण त्यातल्या कितीतरी ठुमरी-दादऱ्याच्या अंगाने जातात, म्हणजे कान उत्तरेतल्या बायकांच्या गाण्यावर आणि हात पेटीवर. हाताला कानाने दामटलं. बर्लिनच्या शेजारी यांचं नाव लिहून ठेवतो.

८ ऑगस्ट

मैत्रीण आली, तीन गाणी ऐकली. एसटीचं गाणं म्हणून बघितलं आणि थांबली. "याला ताना-मुरक्या घ्यायला जागाच नाही रे. मी करू काय?"

"नुसतं म्हण."

"नुसतं म्हणायला माझी काय गरज?"

हे ती रागाने म्हणाली नाही, पण खरं तेच. पेटीवरच्या माझ्या गाण्यात गाणाऱ्याला मोकळं रान असतं. गिटारच्या गाण्यात ती जागा शब्दांनी खाल्ली. दोन गंधारांचं गाणं मात्र तिला आवडलं, तिने लगेच "नाही म्हणालीस"चा कोमल आणखी खाली उतरवला, इतका की भाच्याने गिटार थांबवून तोंडाकडे पाहिलं.

२१ ऑगस्ट

मिरजेला. सतारमेकर गल्लीत तुणतुणं मिळालं. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दुकानात तंबोऱ्याचे भोपळे रांगेने लटकलेले, आणि मी त्यातलं सगळ्यांत स्वस्त वाद्य मागितलं. दुकानदार चाचांनी विचारलं, "शाहीर आहात?" म्हटलं, अजून नाही.

२७ ऑगस्ट

गणपती. विसर्जनापर्यंत काम बंद.

१० सप्टेंबर

तुणतुणं. लाकडी नळकांडं, तळाला कातडं, बाजूला काठी, काठीच्या टोकाला खुंटी, कातड्यातून निघून खुंटीला गेलेली एक तार. लाकडाच्या लहान तुकड्याने छेडायची. एकच सूर. पोवाड्यात शाहिराच्या मागे उभा असलेला झीलकरी हे वाजवतो आणि "जी जी जी" म्हणतो. डफ शाहिराच्या हातात.

यावर चाल लावायची म्हणजे काय, वाद्य काहीच सुचवत नाही. कॉर्ड नाही, पुढचा सूर नाही. फक्त तुण तुण तुण, म्हणजे "चल, पुढे बोल". दोन-तीन सुरांत गळा फिरतो आणि आपोआप गोष्ट सांगायला लागतो. मी २०१९ च्या महापुराची सांगायला लागलो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आमच्या गल्लीत होड्या फिरत होत्या.

दोन हजार एकोणीस सालाला, ऑगस्टाच्या महिन्याला,
कृष्णामाई भेटाया आली, पायरी चढून दाराला, जी जी जी.
आधी भिजला उंबरठा, मग भिजलं जोतं,
आजी म्हणाली, फोटो काढा, भिंतीवरचं पोतं!

(शेवटचा शब्द यमकाने आणला, बदलायचा आहे. आजी भिंतीवरचे फोटोच म्हणाली होती.)

सालवार, महिनावार, माणसं नावानिशी. आकडा माझ्या कुठल्याही जुन्या गाण्यात नाही. पेटीवर मला काय वाटलं ते सांगत होतो, गिटारवर काय चाललंय ते, आणि या एका तारेवर काय झालं ते. भूतकाळ! माझ्या क्रियापदांचा काळ वाद्याने बदलावा हे मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणेल, पोवाडे ऐकून मोठा झालास म्हणून. तेही असेल. तुणतुण्यासोबत पोवाड्यांची सगळी आठवणही हातात येते, जशी गिटारसोबत कॉलेजच्या कट्ट्याची. वाद्य कोरं मिळत नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजेला हत्यारं-अवजारं मांडतात, आमच्याकडे वाद्यं. पेटी माळ्यावरून काढावीच लागली. गिटार आणि तुणतुणंही शेजारी ठेवलं, तिघांना झेंडू.

रात्री अट मोडली नाही. चाल लावली नाही, लावलेल्या चाली फक्त पेटीवर वाजवून पाहिल्या. एसटीचं गाणं पेटीवर अगदी रिकामं वाटलं. सूर तीनच, तेही पुन्हा पुन्हा, आणि ठोक्याच्या जागी पेटीचा अखंड आवाज. पट्टी उचलून-उचलून ठोका आणायला गेलो तर सर्कसचा बाजा. दोन गंधारांचं गाणं पेटीवर चांगलं वाजलं, पण शुद्ध-कोमलमधली वाट गायब, दोन ठाम पट्ट्या. पुराचा पोवाडा पेटीवर लगेच भजन झाला. माझ्या उजव्या हाताने न सांगता "दाराला"वर पंचम धरून ठेवला.

मग उलट. पेटीवरचं एक जुनं गाणं भाच्याला गिटारवर वाजवायला दिलं. तो म्हणाला, "मामा, यात कॉर्ड बदलतच नाही, मी काय वाजवू?" खरंच, पूर्ण मुखडा एकाच कॉर्डवर निभावतो, कारण मी तो एका षड्जावर रचला होता. त्याने कंटाळून मधे एक मायनर कॉर्ड घातली आणि जुनी ओळ अचानक दुखावल्यासारखी झाली. ती कॉर्ड ठेवणार आहे.

१९ ऑक्टोबर

दिवाळीच्या तोंडावर भाच्याच्या खोलीत गादी-रजया लावून रेकॉर्डिंग सुरू. ठरलेलं असं: एसटीचं गाणं मी स्वतः वाजवणार, अडखळत, १२ जूनच्या नोंदीप्रमाणे. दोन गंधारांचं मैत्रीण गाणार, गिटार भाच्याची, सोबत तंबोरा नको कारण गिटारच तंबोरा आहे. पोवाड्याला डफ एका ओळखीच्या शाहिरांचा, तुणतुणं माझं, जी जी जी सगळ्यांचं. चौथं आणि पाचवं गाणंही डॅडगॅडमधलंच. दोन्ही एकमेकांसारखी वाटायला लागली आहेत: उतरताना कोमल गंधार, मग मोकळी तार. म्हणजे नव्या वाद्यावर जुनी सवय लागायला पावसाळा पुरला. मैत्रिणीला हे मी सांगितलं नाही, तिने स्वतःच ओळखलं.

९ नोव्हेंबर

पाचवं गाणं नेहमीच्या लावणीत, बार कॉर्ड घेऊन पुन्हा लावलं. एफ आता जमते, कडकड आवाज येतो पण जमते. बार कॉर्ड धरली की एकही तार मोकळी राहत नाही, घुमणं बंद, आणि चाल एकदम कोरडी झाली. या गाण्याला ते बरं आहे, ते पाणीपट्टीच्या थकबाकीबद्दल आहे.

सहावं अजून नाही. मैत्रिणीचा आग्रह की ते पेटीवर कर, तिला गायला काहीतरी हवं. भाच्याचा आग्रह की कशावरच करू नको, नुसतं म्हण, नंतर बघू. मी दोघांनाही हो म्हणून ठेवलंय. बुधवारी लाइट जाणार आहे, त्या दिवशी रेकॉर्डिंग होणार नाही, तेव्हा आधी भाच्याचं करून बघतो. मैत्रिणीच्या पेटीसाठी एक तयारी करून ठेवली: पाटा सरकवून काळी दोनची पांढरी एक केली, म्हणजे बोटं जुन्याच काळ्यांवर आणि सूर भलतेच. मग लक्षात आलं की त्याने हाताला काहीच फरक पडत नाही, हात तीच चाल लावेल. पाटा परत जागेवर सरकवला आणि पांढरी सातला सा धरून बसलो. पंचम काळी तीनला आला, मध्यम पांढरी तीनला. करंगळी चुकीच्या जागी पडते. सोमवारी याच पट्टीत बसणार.